खुर्चीकडची माणसं

अनंत ऊर्फ भाऊ वालावलकर ज्या खुर्चीवरून पडले, तिच्यावर ते आपण होऊन बसले होते की त्यांना बसवण्यात आलं होतं, असा प्रश्न घाटकोपरच्या कुंडलिक वकिलांनी विचारला, तेव्हा आपलं पडणं कुणीतरी गांभीर्यानं घेतंय असं भाऊंना पहिल्यांदाच वाटलं.

तोवर ते कुणीच घेतलं नव्हतं. पडलेल्या माणसाला हसू नये हे सगळ्यांना माहीत असतं. पण हातातल्या आइस्क्रीमसकट पडलेल्या माणसाबद्दल कुणी काही नियम करून ठेवलेला नाही. त्यामुळे शुभशकुन मंगल कार्यालयात, चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यात, पुतण्या नंदूच्या लग्नात भाऊ खुर्चीसह कोसळले तेव्हा आधी शंभरेक माणसं पोटभर हसली आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की भाऊंचा उजवा हात मनगटाशी जरा विचित्र कोनात वळला आहे.

भाऊंना हाताचं दुःख होतंच. पण हात सहा आठवड्यांच्या प्लास्टरनंतर जुळणार होता. न जुळणारी गोष्ट वेगळी होती. भाऊ भांडुपच्या एका पंख्यांच्या कारखान्यात तपासणी विभागाचे प्रमुख होते. एकतीस वर्षं त्यांनी माल तपासला होता. ज्याच्यावर ते पांढऱ्या खडूनं फुली मारत, तो माल कारखान्याच्या मालकाच्या सासऱ्याचा असला तरी परत जाई. ही सवय घरीही होती. मुलुंडच्या बाजारात भाऊ नारळ घ्यायला निघाले की नारळवाला आधीच चहा मागवून घेई, कारण वेळ लागणार हे त्याला ठाऊक असे. असा हा माणूस, निवृत्तीला आठ महिने उरलेले असताना, मोडक्या खुर्चीवर न तपासता बसला. सोमवारी प्लास्टर गळ्यात अडकवून ते कामावर गेले, तर त्यांच्या खुर्चीच्या पाठीला कारखान्याचं हिरवं लेबल बांधलेलं होतं : ‘तपासून पाहिले. योग्य.’

ते लेबल भाऊंनी डाव्या हातानं सोडवलं, घडी करून खिशात ठेवलं, आणि घरी येऊन जाहीर केलं की त्यांना मंगल कार्यालयाकडून एक कागद हवा. खुर्चीत दोष होता, असं लिहून दिलेला. दवाखान्याचा खर्च मिळाला तर ठीक, नाही मिळाला तरी हरकत नाही. पण कागद हवा.

आता एवढा सावध माणूस त्या दिवशी खुर्ची न तपासता बसला कसा, हे सांगायला हवं. थोरल्या बंधूंच्या पश्चात नंदूच्या वडिलांच्या जागी भाऊच होते, म्हणजे वरपक्षाचा सगळा मान त्यांचा. ती खुर्ची मुलीच्या वडिलांनी, जयवंतराव सामंतांनी, स्वतः उचलून आणली होती आणि स्वतःच्या उपरण्यानं पुसून भाऊंपुढे ठेवली होती. व्याह्यांनी पुसून दिलेली खुर्ची उलटी करून तिचे पाय बघायचे, म्हणजे लग्न मोडायचंच बाकी. भाऊ सभ्य माणूस होते. ते बसले.

बातमी इमारतीत पसरल्यावर सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरच्या मालनबाईंचं म्हणणं, कोर्टकचेरीनं हाडं जुळत नाहीत, त्याला त्यांच्या दिराकडचं तेल लागतं. ते तेल प्लास्टरच्या आत कसं जाणार यावर त्यांनी विणायची सुई सुचवली. वरच्या मजल्यावरचा चंद्रप्रकाश विमा एजंट होता आणि दुसऱ्याच्या अपघातात त्याला उपजतच रस होता. “भाऊ, लेखी घ्या,” तो म्हणाला. “तोंडी सॉरी बोलून त्यानं तुम्हाला चहा पाजला ना, की वाट लागली समजा. चहा प्यायलेला माणूस केस हरतो.” हा कायदा नेमका कुठल्या पुस्तकात आहे हे भाऊंनी विचारलं नाही, पण पुढचे कित्येक दिवस त्यांनी बाहेर कुठेही चहा घेतला नाही.

पहिलं पत्र मुलीनं, अनुपमानं, लिहून घेतलं. भाऊ सांगत होते आणि प्रत्येक वाक्य तपासून परत पाठवत होते. चार ओळींना दोन संध्याकाळी लागल्या. कार्यालयाचे मालक रतनशेठ यांचं उत्तर मात्र तिसऱ्याच दिवशी आलं. ‘आमच्या खुर्च्या गेली अकरा वर्षे समाजाची सेवा करीत असून, सर्वसाधारण वजनाच्या पाहुण्यांविषयी त्यांची कधीही तक्रार आलेली नाही.’

भाऊंनी ते वाक्य तीनदा वाचलं. सुगंधाताईंनी नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हटलं की लग्न झालं तेव्हापेक्षा ते वाळलेच आहेत. पण बायकोची साक्ष धरत नाहीत, असं चंद्रप्रकाशनं बजावलं होतं. म्हणून भाऊ मुलुंड स्टेशनवरच्या वजनाच्या यंत्रावर चढले. लाल-हिरवे दिवे फिरले, तिकीट पडलं : एकसष्ट किलो, आणि मागे, ‘शत्रूंपासून सावध राहा.’ खात्री करावी म्हणून घाटकोपरच्या यंत्रावर चढले, तिथे सत्तावन्न भरलं. ठाण्याला चौसष्ट, शिवाय ‘परदेशगमनाचा योग आहे.’ एका माणसाची तीन वजनं हा तपासणी विभागाचा अपमान होता. त्यात प्लास्टरचं वजन वजा करायला हवं, म्हणून ते डॉक्टरांना विचारायला गेले. डॉक्टरांनी त्यांना झोप लागते का, असं विचारलं.

ही तिन्ही तिकिटं घेऊन ते कुंडलिक वकिलांकडे पोहोचले. वकिलांचं ऑफिस पिठाच्या गिरणीच्या वर होतं; वकील, अशील आणि कायद्याची पुस्तकं सगळ्यांवर पिठाचा पातळ थर असे. वकिलांनी तिकिटं फायलीला लावली, भविष्याची बाजू खाली करून. मग त्यांनी तो प्रश्न विचारला. बसलात की बसवले गेलात?

भाऊ प्रामाणिक माणूस. त्यांनी सांगितलं की बसवलं, आणि कुणी बसवलं तेही सांगितलं. उपरण्यासकट.

वकील खूश झाले. नोटीस तीन पानी झाली. ‘माझे अशील सद्भावनेने आसनस्थ झाले असता’ इथपर्यंत भाऊंनी ती बारकाईनं वाचली आणि त्यांना इतकं समाधान वाटलं, की पुढची दोन पानं त्यांनी न वाचताच पास केली. एकतीस वर्षांत दुसऱ्यांदा. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून सहीच्या जागी डावा अंगठा उठवावा लागला. निळी शाई पुसत जिना उतरताना त्यांना वाटत होतं, आपल्या वतीनं कुणीतरी आसनस्थ म्हणालं.

तिसऱ्या पानावर प्रतिवादी क्रमांक दोन म्हणून जयवंत सामंत, राहणार वाकोला, यांचं नाव होतं.

पुढच्या रविवारी सकाळी दार वाजलं. दारात जयवंतराव उभे. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, सोबत वाकोल्याची दोन वडीलधारी माणसं आणि हातात तबक. तबकात नारळ, शर्टाचं आणि पँटचं कापड, चांदीची वाटी. नारळाखाली घडी घातलेली नोटीस.

जयवंतरावांचं अर्धं आयुष्य कापडगिरणीत गेलं होतं आणि अर्धं मालवणात; कोर्टाशी संबंध कधी आला नव्हता. पण लग्नांचा अनुभव भरपूर होता. मुलाकडचा वडीलधारा माणूस लग्नानंतर पत्र पाठवतो, याचा त्यांना एकच अर्थ माहीत होता. भाऊ रुसले. कुणाचा नारळ चुकला की रुसतात, कुणाला पंगतीत खाली जागा मिळाली की रुसतात. हे शिकलेले, म्हणून वकिलाकडून रुसले. आणि रुसवा काढायचा असतो.

“भाऊनू,” ते बसायच्या आधीच म्हणाले, “आमचा काय चुकला ता एकदा सांगून टाका.”

आपण रुसलो नाही, ही वकिलाची चूक आहे, भांडण खुर्चीशी आहे, असं भाऊ परोपरीनं सांगत राहिले. दोन्ही वडीलधारी समजूतदारपणे माना डोलवत राहिली. रुसलेला माणूस पहिल्यांदा नाहीच म्हणतो, हा रिवाज आहे. आणि जितकं जास्त नाही म्हणेल तितका रुसवा खोल.

“तुमी नाय म्हणतात,” जयवंतराव नम्रपणे म्हणाले, “पण ह्यो कागद होय म्हणता.”

चहा आला. व्याह्यांसमोर तो नाकारता येईना, म्हणून चंद्रप्रकाशचा कायदा मोडून भाऊंनी तो घेतला. तबक ठेवून मंडळी गेली. पुढच्या रविवारी परत आली, कारण नोटीस मागे घेतल्याचं काही कळलं नव्हतं, म्हणजे मानपान कमी पडला असणार. या वेळी सुगंधाताईंना साडी आणि भाऊंना मनगटी घड्याळ. डाव्या हातात घालायची सोय आहे, असंही जयवंतरावांनी सांगितलं.

भाऊंना ठाऊक होतं की संपानंतर जयवंतरावांची गिरणी उघडलीच नाही, आणि ते आता वाकोल्याच्या एका शाळेच्या फाटकाशी बसतात. मग हे सगळं येतं कुठून? उत्तर सुगंधाताईंनी शोधलं. त्या दुपारी वाटी घासायला घेतली, तेव्हा तळाशी बारीक अक्षरं दिसली. मीराच्या बारशाची तारीख. त्यांनी ती वाटी भाऊंच्या समोर आणून ठेवली.

मीरा म्हणजे नंदूची बायको. जयवंतरावांची मुलगी.

दुसऱ्या दिवशी भाऊ पिठाच्या गिरणीचा जिना चढले आणि नोटीस मागे घ्यायला सांगितलं. फक्त क्रमांक दोनची नाही, सगळीच. एकाला सोडून दुसऱ्याला धरलं तर वाकोल्यापर्यंत नेमकं काय पोहोचेल, कुणी सांगावं. वकिलांना वाईट वाटलं. अशी सुंदर केस वर्षात एखादी येते, असं ते म्हणाले आणि तिन्ही तिकिटं परत केली. कारखान्यात विचारणा झालीच : कागद आला का? भाऊ म्हणाले, नाही, आणि येणारही नाही. मग ते पंख्यांची पाती तपासत बसले. त्या दिवशी त्यांनी इतक्या फुल्या मारल्या की खडूचं नवं खोकं काढावं लागलं.

पण वाटीचं काय? परत पाठवावी, तर मालनबाईंनी कपाळावर हात मारला. रुसवा काढायला आणलेली वस्तू परत केली म्हणजे रुसवा कायमचा. दोन घरं सात पिढ्या बोलत नाहीत. तोडगा अनुपमानं काढला. नंदूला आणि मीराला जेवायला बोलवायचं. नवी सून पहिल्यांदा घरी येते तेव्हा तिची ओटी भरतात, आणि ओटीत काय घालावं यावर कुणाची सक्ती नसते. त्याप्रमाणे मीरा आली, आणि तिच्या ओटीत तांदूळ, नारळ, साडी, शर्टाचं कापड, पँटचं कापड, घड्याळ आणि चांदीची वाटी पडली. इतकी गच्च ओटी इमारतीत कुणी पाहिली नव्हती.

मीरानं वाटी उचलली, पालथी केली आणि विचारलं, “ही इथे कशी आली?”

नंदूनं मान खाली घातली. मग सुगंधाताईंनी सगळं सांगितलं. मीरा शांतपणे ऐकत होती. ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करायची, ऐकताना तिचं बोट मांडीवर ओळीओळीनं सरकत होतं.

“काका,” ती म्हणाली, “त्या खुर्चीचे चाळीस रुपये बाबांच्या डिपॉझिटमधून कापलेत. पाहुण्यानं मोडली म्हणून. बाबांनी मला शपथ घातली होती, तुमच्याकडे बोलायचं नाही. व्याह्यांनी मोडलेल्या खुर्चीचा दंड भरला, हे व्याह्यांना कळलं तर त्यांचा अपमान होईल म्हणाले. पावती आहे माझ्याकडे.” मग ती म्हणाली, “रुसायचं होतं तर त्यांनी रुसायचं होतं. ते तुमच्याकडे नारळ घेऊन आले.”

दुसऱ्या दिवशी नंदू पावती देऊन गेला. कार्यालयाच्या शिक्क्यासह. ‘लोखंडी खुर्ची क्र. ११२, वेल्डिंगचा जुना जोड निखळून मोडली. दंड रु. ४०.’ कार्यालयाच्या कुणा कारकुनानं आपलं काम चोख केलं होतं. भाऊंना तो माणूस न पाहताच आवडला.

भाऊ वाकोल्याला गेले. जयवंतरावांच्या खोलीत जमिनीवर पाट मांडून जेवायला बसले, आणि बांगड्याच्या तिकल्यावर त्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला. तिथे जयवंतरावांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. रुसलेला माणूस काहीही करील, पण दुसऱ्यांदा भात मागणार नाही. मग भाऊंनी पावती पुढे ठेवली आणि म्हटलं, उद्या आपण दोघं जाऊ.

रतनशेठ लग्नाच्या दिवशीच कार्यालयात भेटत. त्यामुळे हे दोघे पोहोचले तेव्हा आत कुणाचं तरी लग्न होतं. दारात त्यांच्या अंगावर गुलाबपाणी उडालं, हातात पेढा आला, आणि एका उत्साही बाईंनी विचारलं की तुम्ही मुलाकडचे की मुलीकडचे.

“आमी खुर्चीकडचे,” जयवंतराव म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

शेठ भटजींच्या मागे कुठेतरी होते. बसा म्हणाले. भाऊंनी बसण्यापूर्वी खुर्ची उलटी केली. जोड गंजलेला. खिशात खडू होताच. डाव्या हातानं फुली मारून त्यांनी ती बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली. दुसरीचा जोड तर दोऱ्यानं बांधलेला. इथून पुढे भाऊ आपण कशासाठी आलो आहोत हे विसरले. एकतीस वर्षांची सवय. जयवंतराव खुर्ची उलटी धरत, भाऊ पाहत, आणि फुली मारत. चांगल्या खुर्च्या पुढे गेल्या, वाईट मागे. बघता बघता फुलीच्या सतरा खुर्च्यांची एक स्वतंत्र रांग तयार झाली.

आणि वराचे मामा तिथे येऊन बसले.

कारण उघड होतं. एवढ्या खुर्च्यांतून निवडून, खुणा करून, वेगळ्या लावलेल्या खुर्च्या कुणाच्या असणार? मानाच्या. मामा बसलेले पाहून आत्याबाई बसायला निघाल्या. आत्याबाईंना खुर्ची मिळते म्हणून चुलते उठले. मुलीकडचे दोघेजण चुकून बसले होते, त्यांना उठवण्यात आलं, आणि ते उठताना असं काही बोलले की मुलाकडचे आणखी चार जण तिकडे धावले. भाऊ हात जोडायला गेले तर एक हात प्लास्टरमध्ये.

“इथे बसू नका,” ते कळवळून म्हणाले. “या नापास आहेत.”

“आम्हाला नापास खुर्च्या?” आत्याबाई म्हणाल्या.

मामांच्या खुर्चीनं बारीकसा आवाज केला. तो आवाज भाऊंना ओळखीचा होता. त्यांनी आपला चांगला हात मामांच्या काखेत घालून त्यांना वर ओढलं, आणि दुसऱ्या बाजूनं जयवंतरावांनी. आणि मामा दोघांच्या मध्ये लोंबकळत असतानाच त्यांच्याखालची खुर्ची शांतपणे चारी पाय पसरून जमिनीवर बसली.

मामा पाहत राहिले. मग त्यांनी भाऊंचं प्लास्टर पाहिलं.

“ही दुखापत इथलीच का?” त्यांनी विचारलं.

“एकशे बारा नंबरच्या खुर्चीची,” भाऊ म्हणाले.

वराकडची सगळी माणसं उभी राहिली. पाठोपाठ मुलीकडचीही. चांगल्या खुर्च्या पुढे आहेत, असं भाऊ सांगत होते. पण त्या कार्यालयात आता कुणी बसेना. भटजी म्हणाले, मुहूर्ताला पंधरा मिनिटं आहेत. तेव्हा रतनशेठ प्रकट झाले.

त्यांनी भाऊंना कोपऱ्यात नेऊन दवाखान्याचं बिल द्यायची तयारी दाखवली, वर शंभर रुपये. फक्त खडू पुसा आणि लोकांना बसायला सांगा. लेखी मात्र काही मागू नका. भाऊंनी पावती दाखवली. शेठनी ती उजेडाकडे धरून पाहिली, आपलाच शिक्का ओळखला, आणि कागद मागवला.

दवाखान्याचं बिल भाऊंनी घेतलं. शंभर रुपये घेतले नाहीत. मजकूर त्यांनीच सांगितला. खुर्ची क्रमांक एकशे बारा सदोष होती. पाहुण्यांची अथवा यजमानांची कोणतीही चूक नव्हती. दंडाची रक्कम परत करीत आहोत. झाल्या प्रकाराबद्दल क्षमस्व.

“नाव काय घालू?” शेठनी घड्याळाकडे बघत विचारलं.

भाऊंना हा कागद कितीतरी दिवस हवा होता. कारखान्याच्या फळ्यावर तो कुठल्या कोपऱ्यात लावायचा, तेसुद्धा त्यांनी ठरवून ठेवलं होतं. त्यांनी शेजारी पाहिलं. जयवंतराव मामांच्या सदऱ्याला लागलेला गंज स्वतःच्या उपरण्यानं झटकत होते.

“माननीय श्री. जयवंतराव सामंत,” भाऊ म्हणाले. “माननीय पूर्ण लिहा.”

मग त्यांनी फिरून साठ खुर्च्या पास केल्या, आणि मुहूर्त साधला.

सोमवारी कारखान्यात विचारणा झाली. कागद मिळाला का? मिळाला, भाऊ म्हणाले, पण तो इथे नाही, वाकोल्याला आहे. बघायचा असेल त्यानं जावं, चहा मिळेल. पहिल्या आठवड्यात कुणी गेलं नाही. दुसऱ्या आठवड्यात ज्यानं ते हिरवं लेबल बांधलं होतं तो गेला, आणि परत आल्यावर भाऊंच्या टेबलाशी येऊन बराच वेळ पंख्याच्या पात्यांविषयी बोलत उभा राहिला. आतापर्यंत सात जण जाऊन आले.

जयवंतराव कागद डब्यातून काढतात, टोपी नीट करतात, उभं राहून पहिल्या शब्दापासून वाचतात आणि मग सगळा प्रसंग सविस्तर सांगतात. तो दर वेळी थोडा वाढतो. कार्यालय मोठं झालं आहे, नापास खुर्च्या सतराच्या चाळीस झाल्या आहेत, आणि गेल्या रविवारी मीरा ऐकून आली त्याप्रमाणे, त्यांच्या सांगण्यात आता भाऊ पडतच नाहीत. पडते ती फक्त खुर्ची.